ताजेपणाचे मोल, नवेपणाचा भाव

एप्रिल लागला की घरखर्चाला दोन्हीकडून गळती लागते. कूलर-पंख्यांमुळे विजेचे बिल वाढते, भाजीबाजारात कोथिंबिरीची जुडी बारीक होत जाते आणि तिचा भाव मात्र चढत जातो, आणि ते सावरेपर्यंत मुलांच्या वह्यापुस्तकांची यादी समोर येते. याच दिवसांत एक सल्ला हमखास मिळतो: भाजी घरी लावा आणि वस्तू जुन्या बाजारातून घ्या. सल्ला चांगला आहे, पण सरसकट पाळला तर खिशाला भारी पडतो. मे महिन्यात फुले गाळणारी टोमॅटोची रोपे आणि रात्रंदिवस घरघरणारा स्वस्तातला फ्रिज, दोन्ही या सल्ल्याचीच फळे आहेत. खरा प्रश्न असा की बाजारात दिलेल्या पैशांपैकी किती पैसे वस्तूचे असतात आणि किती तिच्या ताजेपणाचे किंवा नवेपणाचे. ज्या भाजीत ताजेपणाच महाग असतो ती घरी लावावी. ज्या वस्तूत नवेपणाला काही अर्थ नसतो ती जुनी घ्यावी. बाकीच्या बाबतीत सरळ दुकानात जाण्यातच काटकसर आहे.

आधी आकारमानाचा हिशेब करू, कारण घरच्या भाजीवर घर चालवण्याचे स्वप्न तिथेच विरते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या आहार मार्गदर्शिकेत माणशी रोज सुमारे 400 ग्रॅम भाज्या सुचवल्या आहेत. चार माणसांच्या घराला त्या मापाने महिन्याला 48 किलो भाजी लागेल. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवारातून छोट्या जमिनीवरच्या सधन शेतीचा विचार मांडला, तेव्हा एका कुटुंबासाठी त्यांच्या डोळ्यांसमोर दहा गुंठ्यांचे क्षेत्र होते. म्हणजे जवळपास 10,900 चौरस फूट. फ्लॅटची बाल्कनी फार तर 40 चौरस फूट असते. तिच्यातून स्वावलंबन येणार नाही, हे एकदा मान्य केले की पुढचा विचार सोपा होतो: या 40 फुटांत काय लावले तर सर्वांत जास्त पैसे वाचतील?

उत्तर भावाच्या पोटात शिरल्यावर सापडते. रिझर्व्ह बँकेच्या 2024 मधल्या एका अभ्यासानुसार ग्राहकाने दिलेल्या रुपयातले टोमॅटोच्या बाबतीत 33 पैसे, कांद्याच्या बाबतीत 36 आणि बटाट्याच्या बाबतीत 37 पैसे शेतकऱ्याच्या हाती पडतात. उरलेले पैसे वाहतूक, हमाली, आडत, नासाडी आणि नफा यांत जातात. जी भाजी जितकी लवकर सुकते, तितका यातला नासाडीचा आणि घाईचा वाटा मोठा. कांदा चार दिवस थांबू शकतो. मेथी उन्हात चार तासही थांबत नाही. विक्रेता संध्याकाळी टाकून द्याव्या लागणाऱ्या जुड्यांचा तोटा सकाळच्या जुड्यांवरच काढतो. वर घरी आणलेल्या जुडीतली अर्धी फ्रिजमध्ये काळी पडते. कढीपत्त्याची चार पाने, दोन हिरव्या मिरच्या, पुदिन्याचा तुरा हे सगळे लागते चिमूटभर आणि घ्यावे लागते मूठभर. बाल्कनीचा खरा फायदा इथे आहे. झाडावर राहिलेली पाने वाया जात नाहीत.

उन्हाळ्यात मात्र यादी आणखी आखडते. टोमॅटोला दिवसाचे तापमान 35 अंशांच्या वर गेले आणि रात्रही उष्ण राहिली की परागण नीट होत नाही आणि फुले गळतात. पुणे-नाशिककडेसुद्धा एप्रिल-मेमध्ये कुंडीतला टोमॅटो म्हणूनच नुसता पाला दाखवतो, विदर्भाची तर गोष्टच नको. पालक आणि कोथिंबीर उन्हाने लवकर तुऱ्यावर येतात. त्याउलट माठ, तांदुळजा आणि मायाळू या उष्णतेतच खुशीत वाढणाऱ्या भाज्या आहेत. माठ-तांदुळजा पेरल्यापासून साधारण चार आठवड्यांत खुडायला येतो आणि खुडला की पुन्हा फुटतो. मायाळूची काडी शेजाऱ्याकडून मागून आणावी; ती ओल्या मातीत मुळे धरते आणि ग्रिलवर चढते. त्यामुळे भाजीबरोबर खिडकीला सावलीही मिळते. कढीपत्ता, गवती चहा, पानओवा आणि पुदिना एकदा लावले की वर्षानुवर्षे टिकतात, फक्त पुदिन्याला दुपारचे ऊन नको. मोठ्या पोत्यात भेंडी किंवा गवार लावता येते, पण चार-पाच झाडांवरून एका वेळच्या भाजीपुरत्या शेंगाही एकदम मिळत नाहीत, याची तयारी ठेवावी. मेथी हवीच असेल तर मुंबईत ज्याला समुद्रमेथी म्हणतात तो मार्ग धरावा: उथळ ट्रेमध्ये वाळूमिश्रित माती घेऊन मसाल्याच्या डब्यातलेच मेथीदाणे दाट पेरायचे आणि दहा-बारा दिवसांत कोवळी रोपे काढायची. उष्णतेने त्रास होण्याआधीच पीक हाती येते. बियाण्याचा वेगळा खर्च नाही.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा येतो आणि तो रास्त आहे. नर्सरीतून रंगीत कुंड्या, पिशवीबंद माती, कोकोपीट आणि फवारणीच्या बाटल्या आणल्या, तर पहिल्या वर्षीची मिरची केशराच्या भावाने पडते. पण हा खर्च भाजीचा नसून हौसेचा असतो. तेलाचे पंधरा किलोचे रिकामे डबे, तळाला भोके पाडलेले जुने टब, सिमेंटची झटकून धुतलेली पोती यांत झाडे तशीच वाढतात. रसवंतीवाल्याकडचे उसाचे चिपाड, झाडाखालचा पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा यांतून मातीचा मोठा भाग तयार होतो. उन्हापासून आडोसा म्हणून जुनी सुती साडी शेडनेटचे काम करते. एकच पथ्य: कीटकनाशकांचे किंवा रसायनांचे पिंप कितीही धुतले तरी खाण्याच्या झाडासाठी वापरू नये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मे महिन्यात माणसांना पाणी नाही आणि तुम्ही झाडांना घालणार? दख्खनच्या पठारावर मे महिन्यात उघड्या पाण्याचे बाष्पीभवन दिवसाला दहा मिलिमीटरच्या पुढे जाते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. गच्चीवर चार चौरस मीटर दाट हिरवळ राखायची तर रोज 40 लिटरांपर्यंत पाणी लागू शकते. शहरी पाणीपुरवठ्याचे प्रमाण माणशी रोज 135 लिटर धरले जाते, म्हणजे एका माणसाच्या पाण्यापैकी तीस टक्के झाडांनाच. टँकरवर दिवस काढणाऱ्या गावात किंवा सोसायटीत ही चैन आहे, आणि तिथे उन्हाळ्यात वाफे आवरते घेणेच शहाणपणाचे. पण चार-सहा कुंड्यांची गरज तांदूळ, डाळी आणि भाज्या धुतलेल्या पाण्यावर बऱ्याच अंशी भागते. मातीवर पाचटाचा जाड थर आणि सूर्य उतरल्यावर पाणी, एवढ्याने बरीच बचत होते. साबणाचे पाणी किंवा पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर पडणारे क्षारयुक्त पाणी रोज घातले तर कुंडीत क्षार साठतात, तेव्हा त्यात मोह नको.

ज्यात ताजेपणाला महत्त्वच नाही त्या भाज्यांचा हिशेब उलटा लागतो. रब्बीचा उन्हाळी कांदा मार्च ते मे या काळात निघतो आणि हवेशीर जागी चार-पाच महिने टिकतो. खरिपाचा कांदा असा टिकत नाही. म्हणून बेगमी करायची तर ती आताच. गवारीच्या वाळवलेल्या शेंगा, सांडगी मिरची, सांडगे आणि कुरडया यांच्यामागेही हेच गणित आहे: स्वस्त असताना घ्यायचे आणि फुकटच्या उन्हात टिकाऊ करायचे.

आता वस्तूंकडे वळू. नव्या वस्तूच्या किमतीत नवेपणाचा एक भाग असतो आणि दुकानाबाहेर पडताच तो संपतो. प्रश्न एवढाच की त्या भागातून आपल्याला काही मिळत होते का. बिडाच्या तव्याच्या बाबतीत नवेपणा चक्क तोटा आहे. वापरून तेलाने मुरलेल्या तव्यावर घावन न चिकटता निघतो, नव्यावर निम्मे चिकटते. खलबत्ता, पाटा-वरवंटा, पितळेची पातेली, सागवानी खुर्ची यांचे आयुष्य पहिल्या मालकाच्या गरजेपेक्षा कितीतरी मोठे असते. पुण्यात मंगळवार पेठेतल्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात अशाच वस्तू शोधाव्यात. पितळेच्या भांड्याला कल्हई करून घेण्याचा खर्च किमतीत धरावा आणि लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीवर बोटाने टिचकी मारून आवाज ऐकावा. तडा असेल तर तो बद्द येतो. शाळेच्या पुस्तकांचेही तसेच. मात्र तिथे सरकारी धोरणही आड येते. 2023-24 पासून राज्याच्या अनेक पाठ्यपुस्तकांत नोंदींसाठी कोरी पाने घातली गेली. मुलाने ती भरली की पुस्तक दुसऱ्याच्या कामाचे राहत नाही. 2025 मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला, पण आता नव्या अभ्यासक्रमाची पुस्तके टप्प्याटप्प्याने येत आहेत. घेण्याआधी आवृत्ती पाहावीच लागेल.

विजेवर चालणाऱ्या वस्तूंत मात्र नवेपणाला खरा अर्थ असतो, कारण त्यांची निम्मी किंमत आपण नंतर बिलातून भरतो. जुना फ्रिज नव्यापेक्षा रोज एकच युनिट जादा खात असेल, तरी आठ रुपये युनिटने वर्षाला 2,920 रुपये होतात. ऊर्जा बचतीच्या ताऱ्यांचे निकष काही वर्षांनी कडक होत जातात, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचे पाच तारे म्हणजे आजचे पाच तारे नव्हेत. जुना छताचा पंखा 75 वॅटचा, तर नवा बीएलडीसी पंखा सुमारे 30 वॅटचा. रोज बारा तास, तीन महिने चालवला तर फरक साधारण 49 युनिटांचा पडतो, आणि तोही एकट्या उन्हाळ्यात. जुन्या एसीत आर-22 वायू असेल तर आणखी पंचाईत, कारण मॉन्ट्रियल करारानुसार तो 2030 पर्यंत हद्दपार व्हायचा आहे. प्रेशर कुकर, गॅसचा रेग्युलेटर आणि हेल्मेट या वस्तू तर जुन्या घेऊच नयेत. तिथे वाचलेल्या पैशांत जिवाचा धोका मिसळलेला असतो.

जुन्याला नाक मुरडणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. बोहारणीला जुन्या साड्या देऊन स्टीलची पातेली घेणारी घरे आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या आहेत. ती देवघेव कुणाला कमीपणाची वाटली नाही, आणि आपल्या साड्यांचे पुढे काय होते हेही कुणी विचारले नाही. मला जास्त महत्त्वाचा आक्षेप वाटतो तो श्रमांचा. कांदा निवडणे, सांडगे घालणे, कुंड्यांना पाणी घालणे ही कामे हिशेबात फुकट धरली जातात आणि बहुतेक घरांत बाईच्या वाट्याला येतात. नोकरी करून आलेल्या बाईच्या डोक्यावर परसबागेचे ओझे टाकून घराने जुडीमागे वाचवलेले वीस रुपये ही बचत नव्हे, फक्त खर्च दुसऱ्याच्या नावावर टाकणे आहे. म्हणूनही कमी आणि निवडक झाडे हवीत, ज्यांना आठवडाभर विसरले तरी चालेल असा कढीपत्ता आधी.

उरला कूलर, जो विजेचा असूनही या नियमात वेगळा बसतो. पत्र्याच्या कूलरमध्ये मोटर, पंप आणि गवताच्या ताट्या हे भाग सुटे मिळतात आणि बदलता येतात. बाकी राहते ती पेटी. नागपूर, अकोला किंवा छत्रपती संभाजीनगरच्या कोरड्या हवेत तो उत्तम चालतो. रत्नागिरी-पणजीच्या दमट हवेत फुकट मिळाला तरी घेऊ नये. जुना घेताना तळाची गंजलेली टाकी पाहावी, वायर नवी टाकावी आणि अर्थिंग तपासून घ्यावे, कारण विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसे दगावल्याच्या बातम्या येतात. आणि घाई नसेल तर एप्रिलमध्ये घेऊच नये. जूनच्या अखेरीस पाऊस स्थिरावला, बदलीची कुटुंबे आणि वसतिगृहातली मुले सामान आवरू लागली, की हीच पेटी अडगळ ठरते आणि घासाघीस विकणाऱ्याच्या बाजूनेच सुरू होते.