पिट लेनमधील गर्दी व सुरक्षितता : विद्यार्थी शर्यतसंघांच्या संदर्भात

प्रास्ताविक

विद्याविहार येथील के. जे. सोमय्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा ‘ओरायन रेसिंग इंडिया’ आणि विलेपार्ले येथील द्वारकादास जे. संघवी अभियांत्रिकी महाविद्यालयाचा ‘डीजेएस रेसिंग’ या संघांमुळे मोटारशर्यत हा विषय मुंबई उपनगरांतील महाविद्यालयांच्या आवारात आला आहे. विद्यार्थी स्वतः बांधलेली एकआसनी गाडी ‘फॉर्म्युला स्टुडंट’ प्रकारच्या स्पर्धांत उतरवितात. अशा उपक्रमांत चालकाच्या सुरक्षिततेचा विचार प्रथम होतो. परंतु चालकाला शिरस्त्राण, पट्टे व गाडीचा सांगाडा यांचे संरक्षण असते. गाडीभोवती उभ्या असलेल्या सहकाऱ्यांना तसे संरक्षण नसते. प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित बाजूचा विचार केला आहे.

धोक्याचे स्वरूप

शर्यतमार्गालगतच्या ज्या पट्ट्यात गाड्या दुरुस्तीसाठी व चाके बदलण्यासाठी थांबतात, त्याला पिट लेन म्हणतात. उपनगरी रेल्वेच्या फलाटावर कितीही गर्दी असली तरी गाडी सहसा रूळ सोडून फलाटावर येत नाही. पिट लेनमध्ये मात्र माणूस आणि वाहन एकाच पृष्ठभागावर वावरतात. ताशी ८० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर कापते. हातातील कामात गुंतलेल्या व्यक्तीस मान वळविण्यास तेवढाच अवधी लागतो. गर्दीमुळे चालकाची दृष्टी अडते आणि माणसाला मागे सरकण्यास जागा उरत नाही.

अपघात आणि नियम

१९८१ च्या बेल्जियन ग्रां प्रीच्या सरावात झोल्डर येथील अरुंद व गजबजलेल्या पिट लेनमध्ये ओसेला संघाचा मेकॅनिक जियोव्हानी अमादिओ गाडीखाली सापडला व पुढे मरण पावला. सुरक्षिततेसाठी मेकॅनिकांनी शर्यतीपूर्वी निषेध नोंदविला. तरीही शर्यतीच्या आरंभीच दुसरा एक मेकॅनिक गाडीच्या धडकेने जखमी झाला. १९९० मध्ये अमेरिकेतील अटलांटा येथे पिटमधील एक कर्मचारी मृत्यू पावल्यानंतर नॅस्कार शर्यतींत १९९१ पासून पिटमध्ये वेगमर्यादा आली. फॉर्म्युला वनमध्ये ती १९९४ च्या इमोला येथील दुर्घटनांनंतर लागू झाली. त्याच वर्षी हॉकेनहाइम येथे इंधन भरताना गाडीने पेट घेतला. २०१० पासून शर्यतीत इंधन भरण्यास बंदी आहे. २०१३ मध्ये नुर्बुर्गरिंग येथे निखळलेले चाक लागून एक कॅमेरामन जखमी झाला. त्यानंतर शर्यतीतील वेगमर्यादा ताशी १०० वरून ८० किलोमीटरवर आली आणि माध्यम प्रतिनिधींचा पिट लेनमधील वावर मर्यादित झाला. तरीही २०२३ मध्ये बाकू येथे अखेरच्या फेरीत गाडी पिटमध्ये शिरत असताना समारंभाच्या तयारीतील माणसे तिच्या वाटेत उभी होती. सुदैवाने इजा झाली नाही. यावरून वेगमर्यादा पुरेशी नाही, तेथे कोणी व केव्हा उभे राहावे हेही ठरले पाहिजे, हे स्पष्ट होते.

विद्यार्थी स्पर्धांतील व्यवस्था

२००६ पासून हॉकेनहाइम येथेच भरणाऱ्या ‘फॉर्म्युला स्टुडंट जर्मनी’ स्पर्धेत ओरायन संघानेही भाग घेतला आहे. अशा स्पर्धांत गाडी पिटच्या परिसरात स्वतःच्या शक्तीवर चालविता येत नाही. ती ढकलदांड्याने, चालण्याच्या वेगाने न्यावी लागते व सुकाणूवर एक जण बसलेला असतो. इंजिन तपासायचे असल्यास शक्ती मिळणारी चाके जमिनीपासून उचलून ठेवावी लागतात. येथे माणसांना हटविण्याऐवजी वाहनाची गतीच काढून घेतली आहे.

निष्कर्ष

स्पर्धेच्या ठिकाणी हे नियम पाळून घेणारे अधिकारी असतात. महाविद्यालयाच्या पटांगणावर चाचणी घेताना तसे कोणी नसते. उलट कुतूहलाने जमलेले विद्यार्थी, भ्रमणध्वनीवर चित्रण करणारे मित्र आणि वाहनतळाकडे जाणारे कर्मचारी तेथे असतात. म्हणून मार्गदर्शक प्राध्यापकांनी किमान चार गोष्टींचा आग्रह धरणे आवश्यक वाटते : गाडीजवळ थांबणाऱ्यांची नावनिशीवार यादी, प्रेक्षकांसाठी भक्कम अडथळ्यामागील जागा, थांबलेली गाडी केवळ ढकलूनच हलविण्याचा दंडक आणि चाचणी तत्काळ थांबविण्याचा अधिकार असलेली एक व्यक्ती. ही व्यक्ती संघातील विद्यार्थी नसावी, कारण गाडी धावावी ही ओढ त्याच्या निर्णयावर परिणाम करू शकते. वर उल्लेखिलेले बहुतेक नियम कोणाच्या तरी इजेनंतर अस्तित्वात आले. महाविद्यालयांना मात्र ते अपघाताची वाट न पाहता स्वीकारता येतील.