स्थौल्य, विषाद आणि चिंता : चिकित्सेचा क्रम कोणता?

स्थौल्याचा रुग्ण आला की वजन, कटीची परिमिती व पथ्याचा कागद एवढ्यावर बहुधा भागविले जाते. परंतु त्याच रुग्णास विषाद व चिंता यांचा विकार असेल, तर केवळ लंघनाचा उपदेश त्यास अपाय करू शकतो. प्रस्तुत लेखात याच संकराचा विचार आम्ही करीत आहोत.

शास्त्रदृष्टी

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २१ वा अष्टौनिंदितीय अध्याय आपणां सर्वांच्या नित्य परिचयाचा. तेथे अव्यायाम व दिवास्वाप यांच्या जोडीला ‘अचिंतन’ हेही स्थौल्याचे कारण सांगितले आहे. चिकित्सेतही प्रजागर, व्यायाम व चिंतन यांचा निर्देश आहे. मग जो अहोरात्र चिंतेने ग्रासलेला आहे, त्याचे वजन का वाढावे? आणि त्यास आणखी चिंतन व जागरण सांगावे काय?

उत्तर त्याच संहितेत आहे. चिंता, शोक व भय यांनी ग्रस्त असताना मात्रेत घेतलेले पथ्यकर अन्नही पचत नाही, असे विमानस्थान सांगते. म्हणजे आमोत्पत्ती आली. दुसरे, विषादाची गणना ८० वातविकारांत आहे. अशा रुग्णास रूक्ष लंघन व जागरण दिल्यास वात वाढतो, निद्रा नष्ट होते आणि विषाद बळावतो. तिसरे, याच २१ व्या अध्यायात मेदस्वी व्यक्तीस दिवास्वाप निषिद्ध आहे. मात्र शोक व भय यांनी क्लांत झालेल्यास तो अनुज्ञात आहे. एकाच रुग्णात दोन्ही अवस्था आल्यास निर्णय वैद्याच्या युक्तीनेच करावा लागतो. आमच्या मते अशा वेळी रात्रीची निद्रा आधी सुधारावी. दिवसाची निद्रा मग क्रमाने कमी करावी.

आधुनिक संशोधनही याच दिशेचे आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संकलित विश्लेषणानुसार, स्थूल व्यक्तींत पुढे विषाद होण्याची शक्यता सुमारे ५५ टक्क्यांनी अधिक, तर विषादग्रस्तांत पुढे स्थौल्य येण्याची शक्यता सुमारे ५८ टक्क्यांनी अधिक आढळली. चक्र दोन्ही बाजूंनी फिरते.

परिसरातील निदान

सप्तशृंगी गडाच्या पायथ्याशी, वणी-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात चिकित्सा करताना आम्हांस हे चक्र स्पष्ट दिसते. अवकाळी पाऊस वा गारपीट होऊन बाग गेली, डोक्यावर कर्ज राहिले की शेतकरी बागेत जाणे टाळतो, दिवसा पडून राहतो, रात्री जागतो आणि अवेळी चहा-फरसाण खातो. तो ‘मन खचले’ असे म्हणत नाही. ‘अंग जड झाले, झोप नाही, छातीत धडधडते’ असे म्हणतो. भगिनीवर्गात नवरात्र व चैत्रोत्सवातील उपवास ‘वजन उतरेल’ या आशेने धरले जातात. प्रत्यक्षात साबुदाणा, शेंगदाणे व तळलेले पदार्थ पोटात जातात. वजन उतरत नाही आणि स्वतःविषयीची निराशा मात्र वाढते.

वजनवाढ व उदासी दोन्ही असल्यास थायरॉईडची तपासणी अवश्य करावी. तसेच मिर्टाझापिन, पॅरोक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन, ओलान्झापिन यांसारख्या औषधांनी वजन वाढू शकते. म्हणून चालू औषधांची यादी प्रथमच मागावी.

चिकित्साक्रम

१. मनोविकारतज्ज्ञांची औषधे आपण स्वतः बंद करू नयेत व रुग्णासही करू देऊ नयेत. वजन वाढत असल्यास तज्ज्ञांना तसे पत्र द्यावे. औषध बदलणे शक्य असते. अचानक थांबविणे घातक ठरते.

२. आत्महत्येचे विचार येतात काय, हे स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार रुजत नाही. होकार आल्यास रुग्णास एकटे सोडू नये व तत्काळ तज्ज्ञांकडे पाठवावे. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’चा १४४१६ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांकही उपलब्ध आहे.

३. पहिले काही आठवडे वजनाचा आग्रह न धरता निद्रा, भोजनकाल व सकाळचे चालणे एवढेच नियमित करावे. दहा मिनिटांपासून आरंभ पुरे. पहिल्याच आठवड्यात गडाच्या पायऱ्या सांगू नयेत.

४. त्यानंतर गुरु व अपतर्पण आहार द्यावा : यव, मूग, कुळीथ, ताक, जोडीला आपल्या डोंगरपट्ट्यातील नागली. मूळ वजनाच्या ५ टक्के घट हेही आरोग्यदृष्ट्या हितकर यश आहे, हे रुग्णास आवर्जून सांगावे. धैर्य देणे हाही सत्त्वावजय चिकित्सेचाच भाग होय.

औषधनिवडीतील सावधगिरी

सर्पगंधा निद्रेसाठी मोहक वाटते. परंतु तिच्यातील रिसर्पिन विषाद उत्पन्न करू वा वाढवू शकते, म्हणून विषादात ती वर्ज्य समजावी. गुग्गुळामुळे प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम यांची रक्तातील मात्रा घटल्याचे आढळले आहे. धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल घेणाऱ्यास गुग्गुळकल्प देताना हे स्मरावे. अश्वगंधेने थायरॉईड संप्रेरके वाढू शकतात. थायरॉईडची गोळी चालू असणाऱ्यास ती विचारपूर्वकच द्यावी.

औषधी दुकानदार बंधूंना विशेष विनंती. सिब्युट्रामिन हे वजन घटविणारे औषध भारतात २०११ साली बंद झाले. तथापि ‘वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही उत्पादनांत ते लपवून मिसळल्याचे उघड झाले आहे. विषादाच्या अनेक औषधांसोबत ते जीवघेणे ठरू शकते. रिमोनाबँट हे दुसरे औषध तर मानसिक दुष्परिणामांमुळेच २००८ साली युरोपात थांबविले गेले. निर्मात्याचा परवाना व घटकसूची नसलेली ‘महिन्यात दहा किलो’ अशी चूर्णे दुकानात ठेवू नयेत. ती मागणाऱ्यास ‘सध्या कोणती गोळी चालू आहे?’ एवढे तरी विचारावे.

रोग वाढविणाऱ्या भावांत विषाद अग्रणी, असे चरकाचार्यांनी अग्र्यसंग्रहात सांगून ठेवले आहे. म्हणून आधी विषादाकडे व निद्रेकडे पाहावे आणि मेदाकडे त्यानंतर वळावे, असा क्रम आम्ही सुचवितो.