जकार्ता कशानं बुडतंय?

जकार्ताचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं असतं: समुद्र वर येतोय म्हणून शहर बुडतंय. समुद्र वर येतोय खरा, पण वर्षाला 3-4 मिलिमीटरनं. उत्तर जकार्ताची जमीन मात्र काही ठिकाणी वर्षाला 20 सेंटिमीटरपर्यंत खाली गेलेली आहे. म्हणजे शहराला बुडवणारं मुख्य पाणी समुद्राचं नाही, जमिनीतून उपसलेलं आहे.

शहर उभं आहे ते नद्यांनी आणून टाकलेल्या मऊ गाळावर. गाळातल्या चिकणमातीच्या थरांना आतलं पाणी आधार देत असतं. बोअरनं ते ओढलं की थर वरच्या भारानं दबतात, आणि एकदा दबलेली चिकणमाती नंतर पाणी मुरलं तरी पूर्वीसारखी फुगत नाही. (आपल्याकडे पुणे-साताऱ्यात बोअर आटते, पण जमीन अशी खचत नाही, कारण खाली बेसॉल्टचा कातळ आहे.)

‘लोकच बेशिस्त, कशाला एवढा उपसा करतात?’ हे म्हणणं सोपं आहे. शहरातून 13 नद्या वाहतात, पण त्यांचं पाणी इतकं घाण की नळाचं बहुतेक पाणी दूरच्या जातीलुहूर धरणातून आणावं लागतं. ते सगळ्यांपर्यंत पोचलंच नाही. गरिबानं अंगणात विहीर खणली, तर हॉटेलांनी आणि टॉवरांनी कितीतरी खोल बोअर मारल्या. दोघांना एकाच मापानं मोजू नये.

मग भिंत बांधा! बांधली, पण भिंतही त्याच जमिनीवर उभी आहे, तीही खचते. शिवाय किनारा समुद्रापेक्षा खाली गेला की नद्यांचं पाणी पंपानं बाहेर फेकावं लागतं. उत्तर जकार्तातल्या मुआरा बारूत भिंतीपलीकडे राहिलेली एक मशीद वर्षानुवर्षं पाण्यात उभी आहे.

2019 मध्ये इंडोनेशियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांनी देशाची राजधानी जकार्ताहून बोर्निओत हलवण्याची घोषणा केली. त्यानं मंत्रालयं हलतील. जकार्तातले 1 कोटीहून अधिक लोक आहेत तिथेच राहणार.

राहिला शेवटचा समज, की खचणं थांबतच नाही. टोकियोचा कोतो भाग विसाव्या शतकात 4 मीटरहून जास्त खचला. जपाननं 1956 मध्ये कायदा करून कारखान्यांच्या उपशावर बंधनं घातली आणि त्यांना दुसरीकडून पाणी दिलं. 1970 च्या दशकात खचणं जवळजवळ थांबलं. कोतोचा बराच भाग आजही समुद्रसपाटीखाली आहे, पण आणखी खाली जात नाही.