समुद्रापासून लांब गेलेली किनारवाट : अभ्यासक्षेत्राची सीमा कशी वाचायची?

पीएचडीच्या आराखड्यात ‘अभ्यासक्षेत्र’ नावाचा एक भाग असतो. बहुतेक जण तो सगळ्यात शेवटी, घाईघाईत लिहितात. एक नकाशा, त्यावर एक चौकट, ‘पूर्वेला अमुक नदी, पश्चिमेला समुद्र’, झालं काम. पण तुमचा विषय बंदरं, शेती, पूर, रोगराई, स्थलांतर यांपैकी कशाशीही जोडलेला असेल, तर ‘पश्चिमेला समुद्र’ या दोन शब्दांत एक मोठं गृहीतक लपलेलं असतं. समुद्र आहे हे खरं, पण कोणत्या सालचा?

हा प्रश्न समजावून सांगायला मला सगळ्यात सोयीचं वाटतं ते इंग्लंडच्या आग्नेय टोकावरच्या एका पायवाटेचं उदाहरण. तिचं नाव सॅक्सन शोअर वे. ही किनाऱ्याची वाट म्हणून ओळखली जाते, आणि तरी तिच्यावर चालताना काही टप्प्यांत समुद्र नजरेलाही पडत नाही. असं का, हे नीट समजून घेतलं की अभ्यासक्षेत्राकडे बघायची तुमची नजर बदलेल.

वाट कुठून कुठे जाते

टेम्स नदीकाठच्या ग्रेव्हझेंडपासून हेस्टिंग्जपर्यंत, केंट आणि पूर्व ससेक्स या दोन काउंट्यांतून ही वाट जाते. लांबी १६३ मैल, म्हणजे साधारण २६२ किलोमीटर. १९८० मध्ये ती खुली झाली. सुरुवातीला हू द्वीपकल्पाच्या दलदली, मग रोचेस्टर, फळबागांच्या मुलखातलं फॅव्हरशॅम, व्हिटस्टेबल, रिकल्व्हर, सँडविच, डोव्हरचे पांढरे कडे, लिम, ॲपलडोर, राय, विंचेल्सी. एका बाजूला मेंढ्या चरतायत, दुसऱ्या बाजूला खाडीचा चिखल, आणि मधूनमधून जुनी बंदरगावं, असा एकूण प्रकार.

तिची खरी गंमत आखणीत आहे. आखणाऱ्यांनी आजचा किनारा धरला नाही. रोमन काळात समुद्र जिथे होता, ती रेषा शक्य तिथे धरली. रोमनांनी या किनाऱ्यावर किल्ल्यांची साखळी उभारली होती. इ.स. ४०० च्या आसपासच्या ‘नोटिशिया डिग्निटाटम’ या सरकारी दस्तऐवजात ‘सॅक्सन किनाऱ्या’चा एक अधिकारी आणि त्याच्या हाताखालचे नऊ किल्ले नोंदलेले आहेत. त्यांतले चार केंटमध्ये : रिकल्व्हर, रिचबरो, डोव्हर आणि लिम. वाट या चौघांना जोडत जाते. म्हणजे तुम्ही चालता आज, पण रेषा सोळा-सतराशे वर्षांपूर्वीची.

एकाच वाटेवर दोन उलट गोष्टी

आता रिकल्व्हर आणि रिचबरो या दोन किल्ल्यांची तुलना करू. सरळ रेषेत दोघांमध्ये जेमतेम तेरा किलोमीटर अंतर.

रिकल्व्हरचा किल्ला बांधला तेव्हा समुद्र त्याच्यापासून बराच लांब होता. लाटा कडा खात खात आल्या आणि आज जवळपास अर्धा किल्ला समुद्रात गेलेला आहे. आतल्या चर्चचा बराचसा भाग १८०९ मध्ये पाडला, पण त्याचे बाराव्या शतकातले दोन मनोरे ठेवले. कारण खलाशी त्यांच्याकडे बघून दिशा ठरवत. दीपगृहं सांभाळणाऱ्या ट्रिनिटी हाउस या संस्थेनं ते मनोरे खास त्यासाठी जपले.

रिचबरोत नेमकं उलट. इ.स. ४३ मध्ये रोमन सैन्य ब्रिटनमध्ये उतरलं, त्याच्याशी या जागेचा संबंध जोडला जातो. म्हणजे ही पाण्याकाठची जागा. आज तिथे उभं राहिलात तर समोर शेतं, गवत आणि वळणं घेत जाणारी स्टाउर नदी. समुद्र कित्येक किलोमीटर पलीकडे. २००८ च्या उत्खननात इथे गाळाखाली रोमनकालीन किनाऱ्याच्या खुणा सापडल्या.

हे दोन्ही किल्ले खरं तर एकाच पाण्याच्या दोन तोंडांवरचे पहारेकरी होते. थॅनेटचं बेट आणि मुख्य जमीन यांच्यामध्ये वॉन्टसम नावाची समुद्राची पट्टी होती. रोमन काळात ती काही ठिकाणी तीनएक किलोमीटर रुंद होती. बीड या इतिहासकारानं ७३१ च्या सुमारास पूर्ण केलेल्या ग्रंथात तिची रुंदी साधारण तीन फर्लांग दिली आहे आणि ती दोनच ठिकाणी पार करता येते असं लिहिलंय. आज ती पार करायला पायही ओले करावे लागत नाहीत. पण नाव? ‘आयल ऑफ थॅनेट’. बेट गेलं, नाव राहिलं.

बंदर नेमकं कशानं मेलं?

‘गाळ साचला आणि बंदर बंद पडलं’ हे वाक्य तुम्ही शंभर पुस्तकांत वाचलं असेल. संशोधक म्हणून इथेच थांबायचं आणि विचारायचं, गाळ आधीही येत होता, मग तेव्हा का साचला नाही?

उत्तर भरती-ओहोटीच्या हिशेबात आहे. भरतीला खाडीत पाणी शिरतं, आजूबाजूच्या खाजणावर पसरतं. ओहोटीला तेच पाणी जोरात बाहेर पडतं आणि जाताना खाडीच्या तोंडाशी बसलेला गाळ खरवडून नेतं. जितकं जास्त पाणी आत पसरेल, तितका बाहेर पडतानाचा झाडू जोरदार. आता कुणीतरी खाजणाभोवती बांध घातला, आतली जमीन सुकवली, तिथे मेंढ्या चारल्या, धान्य पेरलं. पाण्याला पसरायला जागा कमी झाली. ओहोटीचा जोर कमी झाला. गाळ बसायला लागला. गाळ बसला म्हणून नवी दलदल वर आली आणि तिच्याभोवतीही बांध पडला. हे चक्र एकदा सुरू झालं की थांबवणं कठीण.

वॉन्टसमच्या काठावर मध्ययुगात कँटरबरीच्या मठांनी अशा जमिनी मोठ्या प्रमाणावर मिळवल्या. त्याच पाण्याच्या तोंडावरचं सँडविच हे राजाला जहाजं पुरवणाऱ्या ‘सिंक पोर्ट्स’ या पाच बंदरांपैकी एक. ते आज समुद्रापासून साधारण तीन किलोमीटर आत आहे. मुख्य प्रक्रिया निसर्गाची हे खरंच. समुद्रानं टाकलेले गोटे, नदीचा गाळ, वादळं, सगळ्यांचा वाटा आहे. पण त्या प्रक्रियेला माणसानं हात दिला. एकाचं शेत ते दुसऱ्याचं बंदर, असा तो व्यवहार होता. राय बंदराच्या बाबतीत तर बांधवाले जमीनदार आणि बंदरवाले व्यापारी यांचं भांडण पुढे काही शतकं चाललं.

वादळांचं काम मात्र झटक्यात होतं. तेराव्या शतकातल्या वादळांनी जुनं विंचेल्सी खाल्लं आणि १२८७ च्या वादळानं ते संपवलं. राजा पहिला एडवर्ड यानं टेकडीवर चौकटीच्या रस्त्यांचं नवं विंचेल्सी वसवलं होतं. याच वादळांच्या काळात रॉदर नदीनं न्यू रॉमनी सोडलं आणि ती रायजवळून समुद्राला मिळायला लागली. न्यू रॉमनीचं चर्च आजही रस्त्याच्या पातळीच्या खाली आहे, कारण पुरानं आणलेल्या गाळामुळे आजूबाजूची जमीनच वर आली. नव्या विंचेल्सीचं नशीबही फार वेगळं नव्हतं. त्याचंही बंदर पुढे गाळानं भरलं.

पायांना जे कळतं

‘हे सगळं घरी बसून वाचता येतं, मग चालायचं कशाला?’ हा प्रश्न तुम्हाला तोंडी परीक्षेत येऊ शकतो, म्हणून उत्तर तयार ठेवा.

केंटच्या उत्तर किनाऱ्यावर ही वाट बऱ्याच ठिकाणी समुद्राच्या बांधावरून जाते. बांधावर उभं राहून दोन्हीकडे बघा. एका हाताला भरतीत बुडणारं खाजण, दुसऱ्या हाताला बांधाआडचं चराऊ कुरण. आपली अपेक्षा असते की समुद्राकडची बाजू खाली असेल. पुष्कळदा खाजण वर असतं आणि कुरण खाली. कारण सोपं आहे. बाहेरच्या खाजणावर प्रत्येक मोठ्या भरतीबरोबर थोडा गाळ बसतो, ते वाढत राहतं. आतल्या जमिनीला गाळ मिळणं बंद झालं, शिवाय पाणी काढल्यावर माती आकसते. म्हणजे बांध जितका जुना, तितकी आतली जमीन खाली जाण्याची शक्यता जास्त. रॉमनी मार्शमध्ये ॲपलडोरच्या बाजूची, समुद्रापासून लांबची जमीन किनाऱ्यालगतच्या जमिनीपेक्षा सखल आहे ती यामुळेच. ८९२ मध्ये अडीचशे डॅनिश जहाजांचा ताफा त्या काळच्या नदीमुखातून आत शिरला आणि त्या सैन्यानं याच ॲपलडोरला तळ दिला होता.

साध्या नकाशावर हे दोन्ही तुकडे सपाट हिरवे दिसतात. बांधावर उभं राहिलं की प्रश्न आपोआप पडतो.

पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. चालण्यातून प्रश्न मिळतो, पुरावा मिळत नाही. पुराव्यासाठी मातीचे उभे नमुने काढावे लागतात, त्यातल्या थरांचं वय ठरवावं लागतं, जुने दस्तऐवज वाचावे लागतात, उंचीची अचूक मोजणी लागते. ‘मी चाललो आणि मला जाणवलं’ हे वाक्य प्रबंधात चालणार नाही. ‘मी चाललो, मला अमुक विसंगती दिसली, म्हणून तमुक ठिकाणी नमुने घेतले’ हे चालेल.

दलदल आणि मृत्यूचा आकडा

सीमा नीट वाचली की काय हाती लागतं, याचं मला आवडणारं उदाहरण इतिहासकार मेरी डॉब्सन यांचं. सतराव्या-अठराव्या शतकांत केंटच्या दलदलीतल्या गावांची हवा वाईट अशी ख्याती होती. लोकांना थंडी वाजून ताप यायचा. डॉब्सन यांनी चर्चमधल्या बाप्तिस्मा आणि दफनाच्या नोंदी गावागावांनुसार मांडल्या आणि त्या भूरचनेशी जोडल्या. खाऱ्या दलदलीतल्या गावांत मृत्यूचं प्रमाण जवळच्याच उंचावरच्या गावांपेक्षा बरंच जास्त निघालं. त्या तापामागे मुख्यतः हिवताप होता, असं त्यांनी मांडलं. ‘कंटूर्स ऑफ डेथ अँड डिसीज इन अर्ली मॉडर्न इंग्लंड’ हे त्यांचं १९९७ चं पुस्तक ग्रंथालयात मिळालं तर जरूर चाळा.

इथे बघा, संपूर्ण केंट हे एकच एकक धरून सरासरी काढली असती, तर हा फरक बुडून गेला असता. दलदलीची कड कुठून जाते हे माहीत होतं, म्हणून आकडे बोलले.

आज काय पणाला लागलंय

३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्राचं पाणी फुगलं आणि इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ३०७ माणसं गेली. त्यानंतर बांध उंच झाले. आता समुद्राची पातळी वाढतेय आणि प्रत्येक किनारपट्टीसाठी चार पर्यायांतून निवड करावी लागते : आहे ती रेषा राखायची, रेषा समुद्रात पुढे न्यायची, ठरवून मागे घ्यायची, किंवा काहीच करायचं नाही. ‘मागे घ्यायची’ म्हणजे बांध फोडून शेतात पुन्हा खाजण होऊ द्यायचं. खाजण लाटांचा जोर मोडतं, पक्ष्यांना जागा देतं. पण ज्याच्या आजोबापणजोबांनी ती जमीन कसली, त्याला हे कसं सांगणार? ‘ही जमीन मुळात समुद्राचीच होती’ असं म्हणणाऱ्याला विचारायला हवं, मुळात म्हणजे केव्हा? रोमन काळी? १२८७ पूर्वी? प्रत्येक तारखेला उत्तर वेगळं, आणि प्रत्येक उत्तरात कुणाचं तरी घर आहे.

कायद्यानंही हे हलणं मान्य केलंय. इंग्लंडच्या संपूर्ण किनाऱ्यावरची नवी वाट २००९ च्या कायद्यानुसार आखली जातेय, आणि कडा ढासळला तर वाटही मागे सरकवण्याची त्यात सोय आहे. म्हणजे एक वाट जुन्या रेषेला धरून बसलेली आणि दुसरी रेषेबरोबर चालणारी. काही ठिकाणी दोन्ही एकाच बांधावरून जातात.

तुमच्या आराखड्यासाठी

आपल्याकडे याचा सराव करायला जागा कमी नाहीत. सोपारा हे प्राचीन बंदर. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप उकरला. आज त्या जागेवरून समुद्र दिसत नाही. रायगडात खारभूमीचे बांध आणि उघाड्या आहेत, आणि बांध फुटला की भातशेतीचं काय होतं हे सांगणारी माणसंही आहेत. तर पुढच्या सुट्टीत एवढं करा :

१. तुमच्या अभ्यासक्षेत्राचे निदान तीन वेगवेगळ्या काळांतले नकाशे मिळवा आणि प्रत्येकावरची किनाऱ्याची किंवा नदीची रेषा एकाच कागदावर काढा. प्रत्येक रेषेजवळ साल लिहा.

२. रेषा जिथे एकमेकींपासून सर्वांत लांब आहेत तिथे जा. काठाने चाला, आणि निदान एकदा काठाला आडवंही चाला, पाण्याकडून टेकडीकडे.

३. दर थांब्यावर तीनच गोष्टी नोंदवा : जमीन वर आहे की खाली, माती कशी आहे, जागेला लोक काय म्हणतात. बेट, खार, बंदर, बांध असं काही नावात आलं तर खाली रेघ मारा.

४. बांध कुणी घातला, डागडुजी कोण करतं, फुटला तर कुणाचं नुकसान होतं, हे तिथल्या माणसांना विचारा. नाव छापण्याआधी परवानगी घ्या.

५. मग ‘अभ्यासक्षेत्र’ हा भाग पुन्हा लिहा. सीमेच्या प्रत्येक बाजूला साल आलं पाहिजे, आणि तेच साल का निवडलं याचं एका वाक्यात कारण.

हे पाचवं वाक्य लिहिताना अडलात तर निराश होऊ नका. पुष्कळदा संशोधनाचा प्रश्न तिथेच दडलेला असतो.