हुकलेला एक चषक (भाग ७) : नाटेकर या यादीत बसत नाहीत

यूएस ओपनमधला, विंग्ड फूटवरचा गोल्फर मिकेलसनचा अठरावा होल या आठवड्यात येणार होता. तो पुढे ढकलतो आहे, कारण हिंगणघाटच्या एका वाचकाचे पत्र. स्नीडवरचा भाग वाचून ते विचारतात : अमेरिकन गोल्फरांची हळहळ किती दिवस ऐकायची? आपले नंदू नाटेकर बॅडमिंटनची ऑल इंग्लंड न जिंकताच निवृत्त झाले, त्यांची पाळी कधी? तक्रार रास्त आहे. वर्धा-हिंगणघाटात गोल्फची काठी धरलेले किती आणि बॅडमिंटनची रॅकेट धरलेले किती, हे काही मोजायला नको. पण उत्तर त्यांना रुचेल असे नाही. नाटेकरांना या मालेत जागा नाही, आणि ती नसण्यात त्यांचा कमीपणाही नाही.

कागदावर त्यांची कारकीर्द स्नीडसारखीच दिसते. १९३३ साली सांगलीत जन्म, सुरुवात टेनिसपासून, मग बॅडमिंटन. राष्ट्रीय एकेरीचे विजेतेपद सहा वेळा. १९५६ मध्ये क्वालालंपूरला सेलांगोर आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली, आणि परदेशात असे विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांत ते होते. जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९७७ पर्यंत नव्हतीच, त्यामुळे त्यांच्या काळात ऑल इंग्लंड हीच जगज्जेतेपदाची स्पर्धा. तिथे १९५४ मध्ये ते उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचले, तेव्हा त्यांना एकविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. एवढे सगळे खरे असले तरी माझी कसोटी वेगळी आहे : चषक किती वेळा हाताशी आला? स्नीड यूएस ओपनमध्ये चार वेळा दुसरा आला. मिकेलसन तिथे १९९० मध्ये हौशी म्हणून प्रथम उतरला आणि २०१३ मध्ये सहाव्यांदा उपविजेता झाला. त्यांना दार पुन्हा पुन्हा उघडे मिळाले, म्हणूनच ते आत का शिरू शकले नाहीत हा प्रश्न त्यांच्याबाबत विचारता येतो. धीर सुटला, पुटिंग बिघडले की नशीब आडवे आले, यावर वाद घालायला पुरावा आहे. नाटेकरांबाबत तसा पुरावाच तयार झाला नाही.

तो का झाला नाही, याची कारणे रॅकेटइतकीच प्रवासात आणि हवेत आहेत. त्या काळी हा खेळ पूर्णपणे हौशी होता. बक्षिसाची रक्कम नाही, म्हणजे एका स्पर्धेच्या कमाईवर पुढची स्पर्धा खेळणे नाही. शिवाय ऑल इंग्लंड मार्चमध्ये, लंडनच्या थंडीत. थंड, दाट हवेत शटल हळू जाते. विदर्भातल्या मे महिन्यात तेच शटल सुसाट बाहेर जाते, हे इथल्या खेळाडूला सांगावे लागत नाही. मनगटाच्या नाजूक फटक्यांवर खेळणाऱ्या नाटेकरांसारख्या खेळाडूला फटक्याची लांबी नव्याने जुळवावी लागते. हरलात की बाहेर, अशा स्पर्धेत त्यासाठी सामने कुठून आणायचे? १९८० मध्ये प्रकाश पदुकोण ऑल इंग्लंडसाठी वेम्बलीला पोचले ते डेन्मार्क आणि स्वीडनच्या खुल्या स्पर्धा जिंकून, युरोपच्या हॉलांना सरावून. अंतिम सामन्यात लिएम स्वी किंगला त्यांनी १५-३, १५-१० असे हरवले. पदुकोण महान होतेच. पण त्या दोन स्पर्धांचे मोल बाजूला ठेवून तो विजय समजत नाही.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो मलाही जड जातो. लांबून येणारे नाटेकर एकटेच होते का? वाँग पेंग सून सिंगापूरहून येत, आणि त्यांनी ऑल इंग्लंड चार वेळा जिंकली. तसाच लांबचा विजेता म्हणून एडी चुंगचे उदाहरण दिले जाते, ते मी मानत नाही, तो इंग्लंडमध्येच शिकत होता. वाँग मात्र खरा अपवाद आहे. पण पहिले विजेतेपद मिळाले तेव्हा त्यांनीही तिशी ओलांडली होती, आणि त्यांच्यामागे १९४९ चा थॉमस कप जिंकणारा मलायाचा संघ होता. अंतर कापता येत होते, हे त्यावरून सिद्ध होते. आपल्या मंडळींना ते तितक्याच सहज कापता येत होते, हे होत नाही.

दुसरा आक्षेप प्रकाश नाथ यांच्या उदाहरणाचा. १९४७ मध्ये ते ऑल इंग्लंडच्या अंतिम फेरीत गेले, मग नाटेकर का नाही? त्या वर्षीची हकीकत मोठी चमत्कारिक आहे. उपांत्यपूर्व फेरीत प्रकाश नाथ आणि देविंदर मोहन हे दोघे भारतीयच समोरासमोर आले. एकमेकांना दमवण्यापेक्षा त्यांनी नाणे उडवले आणि प्रकाश नाथ पुढे गेले. अंतिम सामन्यात स्वीडनच्या कॉनी येप्सेनने त्यांना हरवले. त्याच मार्चमध्ये लाहोर पेटले होते आणि त्यांचे घर लाहोरात होते. फाळणीनंतर त्यांनी खेळ सोडला. म्हणजे दुसऱ्या संधीचा प्रश्न तिथेच मिटला. हे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे.

तेव्हा यादीत स्नीड राहतील, नाटेकर नाहीत. प्रकाश नाथांचे काय करायचे ते ठरत नाही. एकदाच हाताशी आलेला चषक मोजायचा की नाही, यावर हिंगणघाटकरांनीच पुन्हा लिहावे. मिकेलसन पुढच्या रविवारी. त्या अठराव्या होलवर फक्त पार साधला असता तर तो जिंकला असता, आणि त्याने मारले दोन फटके जास्त.