कातळाने पुसले, राळेने राखले

मुरूडपासून उरणपर्यंतच्या किनाऱ्याचा काळा कातळ सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हातून घडला. हजार अंशांहून तप्त अशा रसात कोळ्यासारखा नाजूक जीव टिकणे अशक्यच. पण खुणा नाहीत म्हणून रायगडात तेव्हा कोळी नव्हते, असे म्हणता येत नाही. उद्रेकांच्या मधल्या शांत काळात इथे तळी भरत, माती तयार होई. खाडीपलीकडे मुंबईत वरळीच्या गाळखडकात त्या काळच्या बेडकांचे जीवाश्म सापडले आहेत. बेडूक होते म्हणजे कीटक होते, आणि कोळ्यांचे कुळ तर 30 कोटी वर्षे जुने. मग कीटक टिपणारे कोळीही असणारच. हा तर्क झाला. प्रत्यक्ष कोळी पाहायला उत्तरेला जावे लागते.

सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीत 5 कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचे अंबर मिळते. सालवृक्षाच्या कुळातल्या झाडांची ही राळ पुरती घट्ट झालेली नसल्याने योग्य द्रावकात विरघळते आणि आतला जीव अखंड बाहेर काढता येतो. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेचे हुकम सिंग, बॉन विद्यापीठाचे येस रुस्ट आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये अशा 700 हून अधिक कीटक-कोळ्यांची नोंद प्रसिद्ध केली. सुमारे 9 कोटी वर्षांपूर्वी मादागास्करपासून तुटलेला भारत दीर्घकाळ एकटा तरंगत होता. तेव्हा इथले जीव जगावेगळे असायला हवे होते. निघाले उलटेच. त्यांतल्या अनेकांचे नातलग युरोप, आशिया, अमेरिकेतही आढळतात. म्हणजे भारताचे एकटेपण तोवर संपत आले होते.

कोळी रेशमाच्या धाग्यावर तरंगत समुद्र ओलांडतात, मग जमिनीचा संबंध कशाला हवा, असा आक्षेप येईल. एकट्या कोळ्यांवर निष्कर्ष बेतला असता तर तो रास्त ठरला असता. पण त्याच राळेत वाळवी आहे, जिचे पंख एका छोट्या उड्डाणापुरते असतात. एखादी वाळवी ओंडक्यावरून वाहत येईलही. इतक्या कुळांचे नाते योगायोगाने जुळणे अवघड. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: राळ मुख्यतः खोडाजवळ वावरणारे लहान जीव पकडते. म्हणून वस्तानचा नमुना म्हणजे सगळे जंगल नव्हे. तिथे न सापडलेल्या जीवावरून काही ठरवू नये. सापडलेल्यावरून मात्र ठरवता येते. कोकणातही शोध घ्यायचा तर रायगडच्या कातळापेक्षा रत्नागिरीच्या जांभ्याखालचे लिग्नाइटचे पातळ थर आधी तपासावेत.