मराठी कादंबरीतील लुगडे आणि केस

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील नेवासे हे ज्ञानेश्वरीचे जन्मस्थान म्हणून सर्वांस ठाऊक आहे. तेथील मोहिनीराज हे दैवत मात्र दूरच्या माणसांस तितके परिचित नाही. अमृतमंथनाच्या वेळी विष्णूने जे मोहिनीरूप घेतले, त्याची ही उपासना होय. देवाने स्त्रीरूप धरले म्हणून त्याचे देवपण उणे झाले, असे तेथे कोणासही वाटत नाही. परंतु त्याच तालुक्यातील शनिशिंगणापुरास शनीच्या चौथऱ्यावर स्त्रियांस चढू देत नसत. २०१५ साली एक स्त्री चढली, तेव्हा चौथऱ्याची शुद्धी करण्यात आली. बंदी उठली ती उच्च न्यायालयाने कान उघाडणी केल्यावर, ८ एप्रिल २०१६ रोजी, गुढीपाडव्याला.

स्त्रीरूप पूज्य आणि स्त्री मात्र विटाळाची, ही विसंगती पुराणात खपून जाते. कादंबरीत ती खपत नाही. कारण कादंबरीतील माणसास दुसऱ्या दिवशी उठून त्याच गावात जगावयाचे असते. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ (१९८५) आणि ‘भंडारभोग’ (१९८८) या कादंबऱ्यांत हेच दिसते. त्यांवरून निघालेल्या ‘जोगवा’ (२००९) या चित्रपटामुळे तायाप्पा व सुली ही नावे घरोघर पोचली. तायाप्पास यल्लम्माच्या नावाने लुगडे नेसवून जोगत्या केले जाते. लोक त्याच्या हातून भंडारा घेतात आणि पाठ वळताच त्याची टवाळी करतात. मोहिनीचे रूप देवाने कार्यापुरते घेतले व टाकले. तायाप्पाचे लुगडे मात्र सुटत नाही. पुरुषास दिलेली ही शिक्षा नेमकी कोणती, असे विचारले तर उत्तर एकच येते: त्यास बाई केले. स्त्रीत्वाची गावठी किंमत याहून स्पष्ट कोणी सांगितली नसेल.

यल्लम्मा म्हणजे रेणुका. जमदग्नीच्या वधानंतर तिच्या वैधव्याची रांडव पौर्णिमा येते आणि जोगतिणी बांगड्या फोडतात. पुढे अहेव पौर्णिमेस देवी पुन्हा सवाष्ण होते. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रात येऊ लागली. तिच्यातील यमूस अशी दुसरी पौर्णिमा नाही. वैधव्य येताच तिचे केशवपन बळजबरीने केले जाते. सुलीचे उलटे आहे. तिच्या केसांत जट दिसते आणि त्यामुळे ती देवीस सोडली जाते. एकीचे केस ठेवावयाचे नाहीत, दुसरीचे कापावयाचे नाहीत; दोघींच्या डोक्यावरील केसांवर सत्ता दुसऱ्याची.

तथापि घरच्यांची श्रद्धा ढोंगी असते असे नव्हे. जट कापली तर कोप होईल, ही भीती खरी असते, आणि मुलीवरील मायाही खरी असते; म्हणून तर या कथा वाचताना संताप कोणावर करावा हे चटकन कळत नाही. जट म्हणजे न धुतल्याने, न विंचरल्याने गुंतलेले केस. कात्री त्याच घरातील फळीवर असते.